विहाराची किल्ली कुणाकडे?

गेल्या अंकात विहारातल्या रोजच्या कामाबद्दल तुमचे प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहरातून पत्रं आली, कागल-गडहिंग्लजकडून आली, शिरोळच्या नदीकाठावरूनही आली. तत्त्वज्ञानावरचे प्रश्न अगदी थोडे. बहुतेकांनी विचारलंय ते झाडलोटीबद्दल, वर्गणीबद्दल, कुलपाबद्दल आणि चुलीबद्दल. मला हे फार बरं वाटलं, कारण विहार चालतं ते याच गोष्टींवर. मी पतसंस्थेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या विहाराचा जमाखर्च आणि वर्षावासातलं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांतलं, वाचन माझ्याकडे आहे. तिथं जे बघितलं आणि केलं, त्यावरूनच उत्तरं देते आहे. पत्रं थोडी आखडून छापली आहेत.

ताई, सविनय जयभीम. आमच्या विहारात दर रविवारी वंदनेला तीस-चाळीस माणसं येतात. झाडणं, सतरंज्या घालणं, फुलं आणणं, पाणी भरणं हे सगळं मात्र आम्ही चौघंच करतो. बाकीचे वंदना झाली की चपला घालून निघतात. बोललं तर वाईट दिसतं. काय करावं?
– एक कार्यकर्ता, कागल

दादा, तुमच्या पत्रातलं ‘बोललं तर वाईट दिसतं’ हेच दुखण्याचं मूळ आहे. तुम्ही चौघं लवकर येता आणि न बोलता सगळं आवरता. लोक येतात तेव्हा सतरंजी अंथरलेली असते, पिंप भरलेलं असतं, मूर्तीसमोर फुलं मांडलेली असतात. त्यांना काम दिसणार कुठं? तुम्ही त्यांचा पाहुणचार केला, ते पाहुण्यासारखे उठून गेले.

मज्झिम निकायात, म्हणजे भगवान बुद्धांच्या उपदेशांच्या जुन्या पाली संग्रहात, अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्खूंची हकीकत आहे. तिघं एका रानात एकत्र राहत. भगवान बुद्ध भेटायला गेले आणि विचारलं, गुण्यागोविंदानं राहता ना? कसं राहता? यावर त्यांनी जे सांगितलं ते सगळं घरकामाचं आहे. भिक्षेहून जो आधी परततो तो आसनं मांडतो, प्यायचं आणि हातपाय धुवायचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो पाणी आणि आसनं आवरतो, जेवणाची जागा झाडून काढतो. मडकं रिकामं दिसलं की ज्याला दिसलं तो भरतो. एकट्याला उचललं नाही तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघं मिळून उचलतात. दर पाचव्या रात्री तिघं रात्रभर धम्मचर्चा करत बसतात. तीन थोर भिक्खू, आणि त्यांनी आपल्या एकोप्याचा पुरावा म्हणून मडकं पुढं केलं! त्यातली ती हाताची खूण मला फार मोलाची वाटते. दुसऱ्याला बोलावणं हाही त्यांच्या रीतीचाच भाग होता.

तेव्हा बोलवा. पण ‘पुढच्या रविवारी सगळ्यांनी लवकर या’ असं माईकवरून सांगू नका. सगळ्यांना सांगितलं की कुणालाच सांगितलेलं नसतं. एका माणसाला नावानिशी एकच काम सांगा: ‘दादा, पुढच्या रविवारी फुलं तुमच्याकडं.’ आमच्याकडं फळ्यावर घरांची पाळी लिहिलेली असते. एका रविवारी दोन घरं. दार उघडण्यापासून शेवटचे कप विसळण्यापर्यंत सगळं त्या दोन घरांचं. पहिल्यांदा पाळी आलेल्या घरासोबत एक जुनं घर जोडून देतो.

आणखी एक, जे तुम्हा चौघांना जड जाईल. दुसऱ्यानं घातलेली सतरंजी वाकडी असेल तर ती वाकडीच राहू द्या. त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही ती सरळ केलीत की तो पुन्हा हात लावणार नाही.

आमचे खजिनदार अत्यंत सचोटीचे आहेत. पण कित्येक वर्षांत हिशेब वाचला गेलेला नाही. विचारलं तर त्यांना अपमान वाटतो. विचारणाऱ्यालाच लोक फितूर म्हणतात.
– एक सभासद, हातकणंगले तालुका

खजिनदार सचोटीचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून तर हिशेब वाचला पाहिजे. न वाचलेल्या हिशेबामागं कुजबुज सुरू होतेच, माणूस कितीही स्वच्छ असो. ती कुजबुज त्यांच्या मुलाबाळांपर्यंत जाते. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. संध्याकाळी रोकड जुळली आणि वरिष्ठांनी सही केली की घरी जाताना जो हलकेपणा वाटतो, तो खजिनदारांनाही मिळू द्या.

हे सरकारी खूळ आहे असं कुणी म्हणालं तर विनयपिटकाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाचा, दाखला द्या. संघाचं कोठार सांभाळणाऱ्या भिक्खूला भांडागारिक म्हणत. त्याला संघानं सगळ्यांसमक्ष नेमायचं, आणि नेमताना पाच गोष्टी बघायच्या. तो आवडीनं झुकणारा नसावा, द्वेषानं झुकणारा नसावा, मोहानं नसावा, भीतीनं नसावा. आणि काय जपून ठेवलंय, काय नाही हे त्याला ठाऊक असावं. चार गुण मनाचे आणि पाचवा वहीचा.

आता करायचं काय? छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक घ्या. पावती फाडल्याशिवाय पाच रुपयेही घ्यायचे नाहीत, आणि स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडं राहणारी प्रत, जपून ठेवायची. दानपेटी कधीही एकट्यानं उघडू नये. तिघांसमोर उघडावी, मोजलेल्या रकमेच्या कागदावर तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत भरावेत. खातं विहाराच्या नावानं, पैसे काढायला दोन सह्या. रोजकीर्द त्या त्या दिवशीच लिहायची, महिनाअखेरीला आठवून नव्हे. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की जमा, खर्च, शिल्लक मोठ्यानं वाचायची. पाच मिनिटं लागतात. दर महिन्याला वाचलं की तो रिवाज होतो, मग त्यात कुणाचा अपमान उरत नाही. पातेली, माईक, खुर्च्या यांचंही डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे वस्तूंची नोंदवही, ठेवा. लग्नाला नेलेली पातेली परत येत नाहीत, हे दुखणं गावोगावचं आहे.

कागदपत्रांचंही बघून घ्या. विहाराची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. अनेक ठिकाणी कागदावर अजून वारलेली माणसंच विश्वस्त आहेत. रोजच्या कामात त्याचं काही अडत नाही, पण जागेचा प्रश्न निघाला की सगळं तिथंच अडतं. विहाराची जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हेही सभेत एकदा मोठ्यानं सांगून ठेवा.

विहाराचा जीर्णोद्धार झाला. देणगीदारांच्या नावांची फरशी बसवायची आहे. काही जण म्हणतात दानाचं नाव कोरणं धम्माला धरून नाही. काहींना रकमेप्रमाणं क्रम हवा आहे.
– विहार समिती सदस्य, कोल्हापूर

नावं जरूर कोरा. आपल्या कोल्हापुरातच याचा जुना दाखला आहे. इथं १९व्या शतकात एका स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यातल्या पवित्र अस्थी (धातू) ठेवायच्या दगडी पेटीवर ब्राह्मी अक्षरांत एवढंच लिहिलेलं आहे: ‘बम्हस दानं, धमगुतेन कारितं’. दान बम्हाचं, करवून घेतलं धमगुतानं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या गावच्या माणसांची ही नावं. पैसा देणाऱ्याचं आहे आणि काम तडीस नेणाऱ्याचंही आहे. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, दाराशीही तसंच. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध्यानं, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणाऱ्यानं, दाराचं दान दिलं ते कोरलेलं आहे, आणि ते काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचं नावही तिथंच वाचायला मिळतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. रक्कम लिहू नका, फक्त नावं लिहा आणि ती अकारविल्हे लावा. एकावन्न रुपये देणारी मोलकरीण आणि एकावन्न हजार देणारा अधिकारी एकाखाली एक येऊ देत. त्याच फरशीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत गवंड्याचं, सुताराचं, वायरमनचं नाव घाला. स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणाऱ्या बायकांची नावं घाला. ती तुम्हाला पूर्ण नावानिशी माहीत नसतील, ‘अमक्याची आई’ एवढीच माहीत असतील, तर घरोघर जाऊन विचारा. या निमित्तानं तेवढं होईल.

आमच्या विहाराला दोन कुलपं आहेत. दोन गट, दोन समित्या, दोन जयंत्या. एका गटानं कुलूप घातलं म्हणून दुसऱ्यानं त्यावर आपलं घातलं. बुद्धमूर्ती आत, आम्ही बाहेर. वंदना कट्ट्यावर करतो.
– दोन्ही गटांत नसलेली एक गृहिणी, करवीर तालुका

बाई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

कोसंबीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण ती पुरती कुणी सांगत नाही. एक भिक्खू धम्म सांगणारा, दुसरा विनयाचा जाणकार. पहिल्यानं शौचाला गेल्यावर भांड्यात थोडं पाणी तसंच ठेवलं. दुसरा म्हणाला, हा दोष आहे. पहिल्यानं कबूल केलं. दुसरा म्हणाला, जाणूनबुजून केलं नाहीस तर दोष नाही. इथं मिटलं होतं. पण मग दुसऱ्यानं आपल्या शिष्यांना सांगितलं, त्या धम्म सांगणाऱ्याला दोष कशाला म्हणतात तेही कळत नाही. त्या शिष्यांनी ते पहिल्याच्या शिष्यांना सांगितलं. अखेर भांड्यातल्या पाण्यावरून सगळा संघ दुभंगला. खुद्द भगवानांनी समजावलं, तर ‘आमचं आम्ही बघून घेऊ’ असं उत्तर मिळालं. भगवान निघून पारिलेय्यकच्या रानात गेले.

मग ते मिटवलं कुणी? कोसंबीच्या उपासकांनी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या घरच्या माणसांनी. त्यांनी ठरवलं की या भिक्खूंना वंदन करायचं नाही, त्यांच्यासाठी उठायचं नाही आणि भिक्षाही घालायची नाही. पोटाला चिमटा बसल्यावर दोन्ही बाजू सावत्थीला भगवानांपुढं गेल्या आणि समेट झाला.

तुम्ही दोन्ही गटांत नाही असं लिहिलंय. तुमच्यासारखी घरं जास्त असतील, गट नेहमी थोड्याच माणसांचे असतात. त्या सगळ्या घरांतल्या बायकांनी एकत्र बसा आणि दोन्ही गटांना एकच निरोप द्या: कुलपं निघेपर्यंत जयंतीची वर्गणी एकालाही नाही, मंडपाला माणूस नाही, जेवणाला हात नाही. भांडू नका, घोषणा देऊ नका, फक्त देऊ नका. पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्याला चहा द्या आणि हेच सांगा.

ते चर्चेला येतील तेव्हा अध्यक्ष कोण या प्रश्नाला हात घालू नका. तो धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं चालेल, चालू दे. तुमची मागणी एकच ठेवा. एक कुलूप, तीन किल्ल्या. एकेक किल्ली दोन्ही गटांकडं आणि तिसरी तुमच्यातल्या एका घरात. तिसऱ्या किल्लीचं घर सकाळ-संध्याकाळ दार उघडेल. आत वंदना, वाचन आणि मुलांचा अभ्यास. गटाचा फलक, गटाची सभा, गटाचा सत्कार यांतलं काहीही आत नाही. हे सगळं प्रोसिडिंग बुकात लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या जयंतीपर्यंत टिकत नाही.

समितीत बारा पुरुष आहेत. आम्ही महिला मंडळ म्हणून स्वयंपाक करतो, वाढतो, भांडी घासतो, शेवटी जेवतो. माईकवर आमचे आभार मानतात. एकदा मी म्हटलं की आम्हालाही बैठकीला बोलवा, तर म्हणाले, तुमचं मंडळ आहे की वेगळं.
– महिला मंडळाची सचिव, इचलकरंजी

हे पत्र मी आमच्या मंडळात वाचून दाखवलं. सगळ्याजणी गप्प झाल्या, कारण प्रत्येकीला ते आपल्याच विहाराचं वाटलं.

भगवानांना वाढवणारी त्यांची मावशी महाप्रजापती गोतमी संघात प्रवेश मागायला कपिलवस्तूहून वेसालीला चालत गेली. राजघराण्यातली बाई. केस उतरवलेले, अंगावर काषाय वस्त्र, पाय सुजलेले, सगळी धुळीनं माखलेली. सोबत शाक्य स्त्रिया. कपिलवस्तूत तिला तीनदा नकार मिळाला होता, तरी ती गेली आणि दारात उभी राहिली. भगवानांचा शिष्य आनंद यानं तिची बाजू मांडली आणि भगवानांना विचारलं, स्त्रीला अर्हतपद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळू शकतं की नाही? मिळू शकतं, असं उत्तर आलं. तिथं प्रश्न मिटला. जिला अर्हतपद मिळू शकतं, तिला विहाराच्या बैठकीत खुर्ची मिळू शकत नाही? आणि बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत काय सांगितलं? समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मोजतो. तुमच्या समितीतल्या बाराही जणांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असेल. हे वाक्य त्यांना त्या फोटोसमोर वाचून दाखवा.

वेगळं मंडळ असणं वाईट नाही, पण वेगळं मंडळ म्हणजे वेगळी चूल असं झालंय. पैसा, जागा, कार्यक्रम यांचा निर्णय एकीकडं आणि कांदा दुसरीकडं. हे मोडायचं तर दोन्ही टोकांनी मोडावं लागतं. तुम्ही बैठकीत गेलात आणि पुरुष चुलीपाशी आले नाहीत, तर तुमचंच काम दुप्पट होईल.

चुलीपासून सुरुवात करा, ते सोपं आहे. पुढच्या कार्यक्रमात मोठी पातेली उचलणं, घासणं आणि वाढप पुरुषांकडं द्या. आधी सांगून द्या, म्हणजे ऐनवेळी ‘सवय नाही’ म्हणता येणार नाही. आमच्याकडं पुरुष कांदा चिरतात, भात उपसतात आणि आता त्यांच्यात भाताची मोकळी शितं कुणाची यावर चढाओढ असते. वाढणाऱ्या बायकांची पंगत वेगळी बसवा आणि त्या पंगतीला समितीच्या पदाधिकाऱ्यांनी वाढावं. अध्यक्षांच्या हातात आमटीचं बादलीभर भांडं आलं की महिला मंडळ कोण आहे ते त्यांना चांगलं कळतं.

बैठकीबद्दल बोलायचं तर विनंती करू नका. संस्थेच्या घटनेप्रमाणं सभासद असाल तर सर्वसाधारण सभेत तुमचं मत आहे. सभासद नसाल तर या महिन्यातच सगळ्याजणींनी सभासद वर्गणी भरा, पावत्या घ्या आणि निवडणुकीला उभ्या राहा. बँकेच्या सह्यांपैकी एक सही बाईची असावी असा ठराव मांडा. हे मी कॅशियर म्हणून सांगते. घरखर्चातून वीस-वीस रुपये बाजूला काढून भिशी चालवणाऱ्या बायकांना जमाखर्च शिकवावा लागत नाही.

आणि वर्षावास हातचा जाऊ देऊ नका. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. ते वाचन बायकांनी आपल्याकडं घ्यावं. आमच्याकडं तसंच आहे. सुरुवातीला आवाज कापतो, जोडाक्षरांवर अडखळायला होतं. पण रोज एक पान वाचणारी बाई तीन महिन्यांनी माईकसमोर निर्धास्त उभी राहते. ज्यांना अक्षरओळख नाही अशा आमच्या दोन आज्या सगळ्यांत नेमके प्रश्न विचारतात. सिद्धार्थ घर सोडून गेला तेव्हा यशोधरेला काय वाटलं, हे त्यांनी विचारलं आणि त्या संध्याकाळी वाचन तिथंच थांबवून आम्ही सगळ्या त्यावरच बोलत बसलो.

नदीला पूर आला की आमचं विहार उंचावर असल्यानं सगळ्या समाजाचे लोक आसऱ्याला येतात. काही जुनी माणसं म्हणतात, बुद्धमूर्तीसमोर चुली पेटवणं, ओली अंथरुणं टाकणं बरोबर नाही. शिवाय आमच्या हातचं सगळे खातील का, ही धास्ती.
– एक तरुण, शिरोळ तालुका

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच भोगलं. तुमच्या शिरोळला तर कृष्णा-पंचगंगा दोन्हींचं पाणी. अशा वेळी ज्या विहाराचं दार बंद राहील तिथं पुढं वंदना कशी करावी, हे मला तरी कळणार नाही.

जुन्या माणसांना ही हकीकत सांगा, त्यांना मान्य होईल. एक भिक्खू हगवणीनं आजारी होता, आपल्याच घाणीत पडलेला. कुणी बघत नव्हतं. भगवान आनंदाला घेऊन तिथं गेले. भगवानांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. मग एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून धरून त्याला उचललं आणि मंचकावर निजवलं. त्यानंतर संघाला सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. ओल्या अंथरुणानं बुद्धमूर्तीचा अवमान होतो असं यानंतर कोण म्हणेल?

‘आमच्या हातचं’ या धास्तीवर उपाय आहे: आसऱ्याला आलेल्यांना पाहुण्यासारखं पानावर बसवून वाढूच नका. आल्या आल्या विळी हातात द्या, तांदूळ निवडायला द्या, पोरांना पाणी भरायला लावा. ज्या पातेल्याला त्यांचाही हात लागलाय त्यातलं खाताना कुणी विचार करत नाही. दोन दिवसांनी त्यातलाच कुणीतरी तुमच्याकडं मीठ कमी पडल्याची तक्रार करेल. ती तक्रार ऐकली की ओळखा, माणसं रुळली.

तयारी मात्र पावसाआधीच करून ठेवा. दोन भरलेले सिलिंडर, तांदूळ-डाळ, ताडपत्र्या, बॅटऱ्या, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर, सॅनिटरी पॅड. विहाराची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर. बायकांसाठी आडोसा आणि संडासची सोय पहिल्या तासात लागते, तिची आठवण सगळ्यांत शेवटी होते. पाणी ओसरल्यावर घरं धुवायला विहारातूनच टोळ्या निघू देत. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं निघतो, वाळला की फरशीला धरतो. वायरमननं बघितल्याशिवाय कुणालाही मीटर सुरू करू देऊ नका.

आम्हा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना विहारात अभ्यासाला बसू देतात, पण रात्री नऊला कुलूप. वीजबिलाचं कारण सांगतात.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

बाळा, हे शहर वसतिगृहांचं. शाहू महाराजांच्या काळात, १९०८ साली, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी इथं मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. इथल्या विहारात पोरांना दिवा नाही म्हणून उठावं लागू नये. समितीला मी माझ्या परीनं सांगेनच, पण तुम्हीही रिकाम्या हातानं मागायला जाऊ नका. वीजबिल वाटून भरायची तयारी दाखवा. रात्री कुलूप घालणं आणि सकाळी झाडून काढणं तुमच्याकडं घ्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांचं गणित घ्या. एवढं लिहून, खाली सगळ्यांच्या सह्या करून अर्ज द्या. बिलाचं कारण मग फार दिवस चालणार नाही.

बुद्धपौर्णिमेला खीरदान करतो. उन्हामुळं दोनदा दुधाची खीर नासली. काय करावं?
– महिला मंडळ, गडहिंग्लज

वैशाखातल्या दुपारी दुधाच्या खिरीच्या वाटेला जाऊ नका. आपली खपली गव्हाची खीर करा. शंभर जणांना वाटीभर द्यायची तर सडलेली (कांडून साल काढलेली) खपली तीन किलो आणि गूळ तेवढाच किंवा जरा जास्त. गहू आदल्या रात्री भिजवा, सकाळी मऊ शिजवा, मगच गूळ घाला. गूळ आधी पडला की गहू शिजायचा थांबतो. ओलं खोबरं, सुंठ, वेलदोडा शेवटी. दूध पातेल्यात अजिबात नको, गरम गुळात ते फाटतं. वेगळं तापवून गार करा आणि वाटीत खीर वाढल्यावर वरून घाला. पातेल्याजवळ दोघांची पाळी लावा, कारण खपली तळाला लागते आणि ढवळणाऱ्याचा हात अर्ध्या तासात भरून येतो.